हात थांबेल तिथे

मावशीने दोन्ही अंगठे भिंगरीच्या डाव्या खांद्याच्या पात्याखाली रोवले आणि अंगाचा भार दिला. पालथ्या पडलेल्या भिंगरीने उशीत तोंड खुपसून आकडे मोजायला सुरुवात केली. तीसपर्यंत मोजायचं, मग सुटका, असा दोघींचा ठराव होता.

सतराला मावशीचे अंगठे थबकले. कातडीखाली काहीतरी कडक लागत होतं. गाठ म्हणावी तर गाठ थोडी तरी सरकते, हे जागचं हलत नव्हतं. काल इथे मऊ मांस होतं, हे तिने शपथेवर सांगितलं असतं. बावीस वर्षं तिने लोकांचे आखडलेले सांधे मोकळे केले होते. माणसाच्या पाठीत कुठे काय असतं हे तिला स्वतःच्या स्वयंपाकघरापेक्षा नीट माहीत होतं.

"थांबलीस का गं?" उशीतून आवाज आला.

"काही नाही. मोज तू."

भिंगरी अठरापासून पुढे मोजू लागली आणि मावशीने पुन्हा भार दिला. पुढे कितीतरी दिवस तिला हाच क्षण आठवत राहिला. हाताला कळलं होतं, तरी तिने दाबलं होतं.

भिंगरी म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीची मुलगी, बारा वर्षांची. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून भिंगरी. तीन महिन्यांपूर्वी सायकलवरून पडली. हाड मोडलं नव्हतं, नुसता मुका मार. पण खांदा हळूहळू आखडत गेला. घरातच फिजिओथेरपिस्ट असताना बाहेर कशाला दाखवायचं? "माझ्या बहिणीच्या हाताला गुण आहे," असं ताई भेटेल त्याला सांगायची, आणि खोटं नव्हतं ते. दवाखान्यातला शेवटचा पेशंट पाचला गेला की भिंगरीची पाळी. रोज एक तास. खांदा जितका अडून बसला तितकी मावशीही हट्टाला पेटली. "दुखतंय म्हणजे काम होतंय," ती सांगायची. भिंगरीचा तिच्यावर इतका विश्वास, की पोरीने कधी तोंडातून ब्र काढला नाही.

शनिवारी मावशीने त्या कडक भागाची कड पेनने आखली. कुणाला सांगितलं नाही. सोमवारी पाहिलं तर कड रेघेच्या बोटभर पुढे गेली होती. बुधवारी ती काखेकडे वळली होती. मावशी दिवा जवळ ओढून बघत राहिली. तिला भीती वाटली, अगदी साधी, लहानपणी वाटायची तशी. पोरीच्या अंगात काहीतरी चालत होतं आणि त्याला कुठे जायचंय हे त्याला ठाऊक होतं.

मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंनी खांद्याकडे पाहिलंही नाही. म्हणाल्या, "मोजे काढ बरं."

भिंगरीने मोजे काढले. दोन्ही पायांचे अंगठे आखूड आणि आत वळलेले.

"जन्मापासून असेच?"

"असेच," ताई हसत म्हणाली. "आम्ही म्हणायचो, अंगठे रुसलेत आमच्या पोरीचे."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्या अंगठ्यांना तिने कितीदा नखरंग लावला होता. तीन महिने तिने मान तपासली, कणा तपासला, कोपर तपासलं, पण घोट्याच्या खाली गेली नाही. खांदा धरलेल्या माणसाचे पाय कोण बघतं?

"रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंत कुणी हिला हात लावायचा नाही," बाई म्हणाल्या. "सुई नाही, मालीश नाही, ताण देणं नाही. काही नाही."

रिपोर्ट यायला तीन आठवडे लागले. तोवर भिंगरीचा दंड अंगापासून जेमतेम बाजूला होत होता. बाईंनी भिंगरीलाच समोर बसवून सांगितलं, आणि त्याबद्दल मावशीने मनातल्या मनात त्यांचे आभार मानले. पेशींच्या अंगावर निरोप घेणारे रिसेप्टर असतात, कानांसारखे. त्यातला एक 'इथे हाड बनवा' हा निरोप ऐकण्यासाठी असतो. पोटात बाळ वाढताना त्याचं काम मोठं, मग तो बहुतेक वेळ गप्प बसतो. हिच्यात त्या कानाच्या घडणीत एका जागी एकच बारीक बदल झालाय. म्हणून तो भलत्याच निरोपालाही ओ देतो. मार लागला, सूज आली, की त्याला वाटतं आपल्यालाच बोलावलंय. मग जिथे स्नायू भरून यायचा तिथे हाड येतं.

"खोटं हाड?" भिंगरीने विचारलं.

"नाही. अगदी खरं. चांगलं, मजबूत हाड. फक्त चुकीच्या जागी."

"काढता येतं?"

"कापलं तर त्या जखमेवर आणखी येतं."

पडद्यावर स्कॅन होता. पात्यापासून दंडापर्यंत एक पांढरी फांदी गेली होती. पात्याखाली दोन ठिकाणी ती जास्त जाड होती, शेजारी शेजारी. मावशीने ते अंतर एका नजरेत ओळखलं. तिने हात पर्सखाली सरकवले.

"आतापर्यंत उपचार कुणी केले?" बाईंनी विचारलं.

"मी."

बाईंनी ते फाइलमध्ये लिहून घेतलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

लिफ्टपाशी ताईला बाजूला घेऊन मावशी म्हणाली, "ताई, पडल्यामुळे सुरू झालं. पण वाढवलं मी."

"घरी जाऊन बोलू," ताई म्हणाली. घरी गेल्यावर तो विषय तिने काढला नाही. मावशीला चहा दिला, तोही न विचारता, रोजच्यासारखा.

खांदा आणि कोपर महिन्याभरात कायमचे धरतील, ते थांबवणं हातात नाही, असं बाईंनी सांगितलं होतं. हात कुठे थांबावा, एवढंच थोडंफार ठरवता येईल. जबरदस्ती मुळीच नाही. भिंगरीने स्वतः ठेवायचा, खाली मऊ आधार द्यायचा, बस्स. म्हणून रविवारी दुपारी मावशी कोन मोजायची पट्टी घेऊन आली आणि तिघी जेवणाच्या टेबलाभोवती बसल्या.

"तोंडापर्यंत पोचायला हवा," ताई म्हणाली. "पोटाचं आधी बघ बाई."

भिंगरीने डावा हात जमेल तेवढा वर नेला, रिकामा चमचा ओठांशी धरला आणि नको म्हणून मान हलवली.

"मग लिहायला?" मावशीने विचारलं. "टेबलाच्या उंचीवर ठेवलास तर वही धरता येईल."

"बघू." तिने वही धरून पाहिली, सोडून दिली. उठली आणि आपल्या खोलीच्या दारापाशी गेली. दार अर्धं लोटून त्याच्या आड उभी राहिली. डावा हात हळूहळू पुढे आणला आणि एका ठिकाणी थांबवला.

"इथे."

दोघी उठून पाहायला गेल्या. भिंगरीची बोटं कडीवर होती.

"अगं, कडी कशाला?" ताई म्हणाली. "तोंडाशी नको का?"

"उजवाही कधीतरी जाणार. डॉक्टर म्हणाल्या ना? तेव्हा तो तोंडाशी ठेवू." तिने एकदा कडी सरकवून पाहिली. "हा इथे. आतून लावता यायला हवी."

रागाने नाही बोलली ती. कुणाकडे बघूनही नाही. सवयीने मावशीचा हात तिच्या कोपराला आधार द्यायला पुढे झाला. भिंगरी अर्धं पाऊल मागे सरली.

मावशीने हात मागे घेतला. पट्टी लांबूनच धरली, डोळे बारीक करून आकडा वाचला.

"पासष्ट."

"लिहून ठेव," भिंगरी म्हणाली. "नीट लागते का बघते हं."

दार लागलं. कडी सरकल्याचा आवाज आला. दोघी बहिणी बाहेर उभ्या राहिल्या, तिने उघडावं म्हणून वाट बघत. ताईने दार ठोठावायला हात उचलला आणि मावशीने तो धरला.