दहाव्या माणसाची राखण

आमच्या गावात ज्यू पुरुष नऊ होते, आणि मी होतो. सामूहिक प्रार्थनेला दहा लागतात. तेरा वर्षांचा होईपर्यंत मुलाला माणसांत धरत नाहीत. त्यामुळे गाभण गाईवर ठेवावं तसं सगळ्यांचं माझ्यावर लक्ष होतं. मी रस्ता ओलांडला की चार दुकानांतून आरोळी यायची, "झेलिग, सांभाळून!" शिंकलो की कोंबडीचं सूप यायचं. हॉकी बंद होती.

सगळ्यात जास्त सूप लाझारकाकांचं. त्यांची बायको श्प्रिंत्सा वारली त्याच वर्षी गावातला शिंपी, म्हणजे आमचा दहावा, विनिपेग शहरात राहायला गेला. दहा जण नसतील तर मृतांसाठीची कद्दिश म्हणता येत नाही.

"विनिपेगला जाऊन म्हणा की," कुणी सुचवायचं.

"तिला विनिपेग आवडायचं नाही. तिथून म्हटलेलं ती ऐकायची नाही."

मी तेरा वर्षांचा झालो त्या शनिवारी नेमकी तिची पुण्यतिथी होती. लाझारकाकांनी प्रार्थनाघराच्या दारातच मला चाचपून पाहिलं. ठणठणीत होतो. मग माणसं मोजली. आमच्यात माणसं मोजणं अशुभ, म्हणून "एक नाही, दोन नाही" करत मोजतात. काका "नऊ नाही"पर्यंत आले आणि थांबले.

माझी राखण करण्याच्या नादात बाकीच्यांची कुणी केलीच नव्हती.

फिशेलकाका रुसून घरी बसले होते. तोराची, म्हणजे आमच्या धर्मग्रंथाची, गुंडाळी उचलायचा मान आमच्यातल्या दंतवैद्याला दिला म्हणून. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या दिवशी, फोन करत नाहीत. मी पळत त्यांच्या घरी गेलो.

काका खिडकीत बसले होते. अंगात कोट, डोक्यावर टोपी.

"मी येणार नाही."

"मग कोट कशाला?"

"घरात गारठा आहे." मागे शेगडी लालबुंद झाली होती.

"लाझारकाका दारात उभे आहेत, वाट बघत."

"कोट घालून?"

"नाही."

"मूर्ख म्हातारा! न्यूमोनिया होऊन मरेल, की आपण परत नऊ!" आणि ते तरातरा निघाले.

रस्त्यावर बर्फ होता. मी त्यांचा दंड धरला.

"सांभाळून, काका. दहावे तुम्ही आहात."

कद्दिश लहानशीच प्रार्थना. लाझारकाकांनी ती फार सावकाश म्हटली, कुणी घाई केली नाही. आमेन म्हणताना माझा आवाज मधेच फाटला.

"झाला मोठा," फिशेलकाका दंतवैद्याला म्हणाले. त्याच्याशी ते बोलत नव्हते, पण शेजारी दुसरं कुणी नव्हतं.