वाटणीला आलेली जहाजं

रोममध्ये सरकार पडलं की महिना-दीड महिना कुणाला काही वाटत नाही. कॉफी मिळते, ट्राम धावते. पण त्या वसंतात सेनेटर एर्मेते झानोल्लीला एकेक दिवस जड जात होता. त्याच्या वाल्द्राना गावाच्या डोक्यावरचा डोंगर सरकत होता. शेळीचा पाय अडकेल एवढ्या भेगा पडल्या होत्या. गाव हलवायचा हुकूम आणि पैसा सार्वजनिक बांधकाम मंत्र्याच्या सहीशिवाय निघत नव्हता, आणि मावळता मंत्री म्हणत होता, "जाताजाता मी कशाला हात पोळून घेऊ?"

तेव्हा झानोल्लीने ठरवलं, ते खातं आपणच घ्यायचं. त्याच्या गटाचे पुढारी कालिस्तो मारेज्जी यांनी तसा शब्दही दिला होता.

चार पक्षांची मोट बांधायची, त्यात झानोल्लीच्या मोठ्या पक्षाच्या पोटात पुन्हा गट. पक्षाच्या अधिवेशनात ज्या गटाला जेवढी मतं, तेवढं त्याचं मंत्रिमंडळात वजन. एक मधलं खातं म्हणजे एक हलकं खातं आणि वर दोन उपमंत्री, असा भावच ठरलेला. माणसाला त्या कामातलं कळतं काय, हे विचारणाऱ्याला खेडवळ समजत. झानोल्ली स्वतः वीस वर्षं याच तराजूने मोजला जात वर आला होता, त्यामुळे तक्रारीला त्याला तोंड नव्हतं.

यादी राष्ट्रपतींकडे जायच्या दुपारी मारेज्जींनी त्याला बोलावलं. ते टेबलाशीच उकडलेल्या आर्टिचोक भाजीची पानं सोलून खात बसले होते.

"बस, एर्मेते. अभिनंदन. व्यापारी जहाज खातं."

"काय?"

"धाकट्या पक्षाला शिक्षण हवं होतं. मिळालं नाही म्हणून रुसले. बांधकाम देऊन त्यांची समजूत काढली. बदल्यात तुला जहाजं आणि आपल्या गटाला दोन उपमंत्री. हिशेब तंतोतंत बसतो."

"साहेब, माझ्या गावची नदीसुद्धा गुडघाभर! जहाजं घेऊन काय करू? माणसं मरतील तिथे."

"अरे, मंत्रिमंडळात बसशील ना? तिथे बोल."

"आणि नको म्हटलं तर?"

मारेज्जींनी चोखलेलं पान बाजूला ठेवलं. "तर ती जागा शेजारचा गट मागेल, आपण नाही म्हणू, मोट सुटेल. पुन्हा महिनाभर सरकार नाही. मग तुझ्या डोंगरासाठी सही कोण करणार, सांग?"

झानोल्लीला ती सही हवीच होती. आणि खरं सांगायचं तर थोडा मोहही होताच. तो हो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी राष्ट्रपतींच्या राजवाड्यात शपथ झाली. बाहेर येताच त्याने गावातल्या खानावळीत फोन लावला. गावात फोन तेवढाच. थोरली बहीण आर्मिदा धापा टाकत आली. हुकूम येईपर्यंत खालच्या गावातल्या शाळेत राहायला चला, म्हणून तिने घरोघरी हातापाया पडून माणसं तयार केली होती. रविवारी निघायचं होतं.

"ताई, सामान बांधलं ना?"

"बांधलेलं सोडलं रे! रेडिओवर तुझं नाव आलं आणि पाद्रीबुवांनी घंटाच बडवायला घेतल्या. आता कशाला जायचं? निवडणुकीत तूच म्हणाला होतास, मी मंत्री झालो की डोंगराला सिमेंटने बांधून काढतो."

"अगं, मी जहाजांचा मंत्री झालोय! डोंगर माझ्या हातात नाही. निघा तिथून!"

"थांब, तूच सांग सगळ्यांना." तिने फोन उंच धरला.

तो घसा फोडून ओरडला. पलीकडे हशा पिकला.

"मंत्री झाला नि भाव खायला लागला!" कुणीतरी म्हणालं. "जहाजांचा का होईना, मंत्री आहे. एक फोन करेल, काम होईल."

वीस वर्षं त्याने तेच केलं होतं. पोस्टातली नोकरी, अडलेली पेन्शन, पाण्याचा नळ, सगळं एका फोनवर. त्या बिचाऱ्यांनी दुसरं काय समजावं?

"ताई, निदान तू तरी जा."

"वा रे! मंत्र्याची बहीणच पळाली म्हणतील. तू ये लवकर, मक्याचा गरम पोलेंटा करून घालते."

त्याने नव्या बांधकाममंत्र्याला गाठलं. तो धाकट्या पक्षाचा, पेशाने दंतवैद्य, मोठा सभ्य माणूस. "विश्वासदर्शक ठराव होईपर्यंत कशावरही सही करायची नाही, असं आमच्या पक्षात ठरलंय," तो म्हणाला. "त्यानंतर पहिलं काम तुमचंच."

ठरावाच्या आदल्या दिवशी पहाटे डोंगर खाली आला. वाल्द्रानाच्या चर्चचा मनोरासुद्धा दिसेनासा झाला.

मंत्रिमंडळ तातडीने बसलं. वाल्द्रानाला निघणाऱ्या हेलिकॉप्टरमध्ये मंत्र्यांसाठी चार जागा होत्या, चार पक्षांना एकेक. मोठ्या पक्षाची जागा गृहमंत्र्याला गेली.

झानोल्ली उभा राहिला. "मला जायचंय. माझी बहीण आहे तिथे."

पंतप्रधानांनी डोळे पुसले, आणि ते खरंच भरले होते. मग दंतवैद्य अगदी दिलगिरीच्या आवाजात म्हणाला, "जाऊ द्या त्यांना, जरूर जाऊ द्या. पण मग मोठ्या पक्षाचे दोन होतात. आम्हालाही एक जागा वाढवून द्यावी लागेल."

"बरोबर आहे," झानोल्लीच्या तोंडून सवयीने निघून गेलं, आणि तो खाली बसला.