झाकणामागची चांदणी

मी एक जुना कॅमेरा आहे. लग्नकार्यातला नव्हे, मित्रांनो. दुर्बिणीला जोडून आकाश टिपणारा. माझ्या पोटात फिल्म नाही. नखाएवढी चिप आहे आणि तिच्यावर उजेड मोजणारी हजारो बारीक घरं आहेत. त्यातल्या काही घरांना जन्माची खोड आहे. उकाडा झाला की अंधारातही ती उजेड दाखवतात. म्हणून झाकण लावून एक काळा फोटो काढायचा आणि तो खऱ्या फोटोतून वजा करायचा. मग माझे दोष निघून जातात. अट एकच, दोन्ही फोटो सारख्याच उकाड्यात काढलेले हवेत.

धुळ्याच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या भाईदास सरांनी मला मागवलं. १९९७च्या एप्रिलात पश्चिमेला धूमकेतू दिसत होता. सर मला सोनगीरला आपल्या गच्चीवर घेऊन गेले. काळे फोटो मात्र त्यांनी आधीच धुळ्यातल्या बर्फाच्या कारखान्यात काढून ठेवले होते. खानदेशातला माणूस, उन्हाळ्यात गार ते चांगलं असंच धरून चालणार! सोनगीरची गच्ची दिवेलागणीलाही चटके देत होती. माझं एक घर पेटलं आणि वजाबाकीत ते गेलंच नाही.

धूमकेतूशेजारी ठिपका आला. सर रोज धूमकेतू फोटोच्या मधोमध धरत, म्हणून ठिपकाही रोज त्याच्या शेजारीच. सरांना वाटलं, धूमकेतूचा तुकडा पडला आणि तो आपण शोधला. त्यांनी गावात सांगितलं, वर्तमानपत्राला कळवलं. शाळेत सत्कार ठरला, बातमीदार येणार होता. मी आतल्या आत तडफडत होतो. माझ्या एका घरापायी सरांची अब्रू जाणार होती आणि मला तोंड नव्हतं.

सत्काराच्या आदल्या संध्याकाळी वावटळ उठली. सरांनी घाईने दुर्बिणीला झाकण लावलं, पण मला जोडलेला संगणक थांबवायचा राहिला. तो फोटो काढतच होता. सरांच्या आई, भिकुबाई, पडद्यावर चादर टाकायला वाकल्या आणि थबकल्या. नव्या फोटोत धूमकेतू नव्हता. ठिपका होता.

“भाईदास, झाकण लायेल शे ना? मंग हाई चांदनी कथाईन दखाई ऱ्हायनी?”

सर पडद्यापुढे खालीच बसले. झाकणाआडून चांदणी दिसेलच कशी? मला वाटलं, आता हे मला गच्चीवरून फेकतील.

सकाळी शाळेत हार तयार होता. बातमीदार वही उघडून बसला होता. सरांनी मला टेबलावर ठेवलं आणि सगळ्या गावापुढे चूक स्वतःवर घेत सांगितलं, “तुकडा-बिकडा काही नही. डाग कॅमेराना शे, चूक मनी शे.”

कोणी हसलं, कोणी उठून गेलं. हार तसाच ताटात राहिला. त्या संध्याकाळी सरांनी तापल्या गच्चीवरच काळा फोटो काढला, वजा केला, आणि धूमकेतू एकटा, स्वच्छ दिसला. तो बघायला गच्चीवर फक्त भिकुबाई होत्या.

आता मी कॉलेजच्या कपाटात असतो, पण मला चैन पडत नाही. बाहेर नवे कॅमेरे आलेत. मुलं फोटो बघून आनंदाने ओरडतात आणि माझा जीव खालीवर होतो. मित्रांनो, आमच्या खोडी आम्हाला सांगता येत नाहीत. गावभर सांगत सुटण्याआधी, त्याच उकाड्यात, एकदा झाकण लावून बघत जा रे.