एकशे आठ पावलं

"बोला, मच्छिंद्रबाबा की जय!"

बोरटेकच्या शाळेसमोर त्या गुरुवारी मुंगीला शिरायला जागा नव्हती. साल एकोणीसशे एकाहत्तर, कार्तिक महिना. सीमेवर लढाई पेटणार अशी बोलणी रोज कानावर येत होती आणि गावातली पाच-सहा पोरं पलटणीत होती. त्यांच्या आया पदर सावरत पुढच्या रांगेत बसल्या होत्या. चिंचेच्या फांदीला एक लहानसं मडकं टांगलं होतं, त्याच्या गळ्यात काळ्या दोऱ्यातला तांब्याचा ताईत होता आणि समोर, बरंच लांब, गावचे पाटील आबासाहेब आपली बारा बोअरची एकनळी बंदूक खांद्याला लावून उभे होते.

आधी बिनताइताचं एक मडकं वीस पावलांवरून मारून झालं होतं. त्याच्या ठिकऱ्या अजून जमिनीवर पडल्या होत्या. "बंदूक खरी हाय ना? बघितलं ना समद्यांनी?" असं बाबांनी तीन-तीनदा विचारून घेतलं होतं.

"आता ऐका!" बाबांनी चिमटा आपटला. "ह्यो ताईत म्हंजे पोलादाची भिंत! गोळीबांध ताईत! पर ह्येचं तेज एकशे आठ पावलांपत्तुर पसरतं. त्येच्या आत बंदूक आली, तर बंदूकच फुटंल! मारनाऱ्याचा हात मनगटापासनं जाईल! मंग माज्या नावानं बोंब मारू नगा. काय आबासाहेब, कुटनं मारता?"

"एकशे आठावरनंच मारतो की," आबासाहेब घाईघाईनं म्हणाले. वर आणखी दोन पावलं मागं सरकले, कारण हात त्यांचा स्वतःचा होता.

बार झाला. चिंचेवरचे कावळे उडाले. मडकं जागच्या जागी, साधा टवका नाही. बायांनी हात जोडले. झुंबरबाईचा बन्सी पलटणीत होता. तिनं तिथंच डोळ्याला पदर लावला आणि ताइतासाठी सव्वा रुपया नि नारळ पुढं केला.

खरं सांगायचं, तर नेम चुकला म्हणून आबासाहेबांना क्षणभर घाम फुटला होता. पण लोकांनी जयजयकार केला तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं, की आपली चूक चमत्कार झाली आहे आणि चमत्काराबद्दल कुणी जाब विचारत नाही. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "धा वर्सं बंदूक वापरतोय," ते मोठ्यानं म्हणाले. "माजा नेम कवा चुकलेला न्हाई. आज पयल्यांदाच मडकं वाचलं. ही बाबांचीच करनी!"

हे वाक्य उच्चारताना त्यांना फार बरं वाटलं. पुढचे सात दिवस त्या वाक्यानं त्यांची झोप उडवली.

कारण त्यांचा धाकटा भाऊ गहिनीनाथ तडक उठून उभा राहिला. हा गडी रात्रंदिवस ज्वारी राखायचा, हरणांचे कळप हाकलायचा आणि थोरल्या भावाचा शब्द खाली पडू द्यायचा नाही. "झुंबरमावशी, रडू नगंस," तो म्हणाला. "फुडल्या गुरुवारी ताईत घालून मी सोता हुभा ऱ्हातो. ते बी वीस पावलांवर. बंदूक मारंल माजा दादा. मंग तर तुजी खातरी पटंल?"

टाळ्या पडल्या. बाबांचा चेहरा जरा उतरला. "लेकरा, नियम एकशे आठचा हाय," ते म्हणाले. पण टाळ्यांत ते कुणाला ऐकू गेलं नाही आणि बाबांनीही ते दुसऱ्यांदा म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबासाहेबांकडं पुंजाराम गुरुजी आले. हे मूळचे संगमनेरचे, बोरटेकच्या शाळेवर दोन वर्षं होते. त्यांनी मूठ उघडली. तळहातावर शिशाचे चार छर्रे होते.

"हे शाळेच्या दाराच्या फळीत अडकले होते," गुरुजी म्हणाले. "नखानं निघाले. दार चिंचेपासून दहा हात बाजूला आहे, आबासाहेब. ताइतानं गोळी अडवली म्हणता, मग ही दाराला लागायला कशी गेली?"

"बाबांनी वळवली आसंल."

"म्हणजे बाबांचा राग शाळेवर दिसतो." गुरुजी हसले नाहीत. "तुमच्याकडं काडतुसं किती आहेत?"

खोक्यात नऊ होती. सहा नंबरची पाच, म्हणजे बारीक, पाखरं मारायच्या छऱ्यांची. आणि एलजीची चार, ज्यात हरभऱ्याएवढे सहाच छर्रे असतात. आबासाहेब आजवर हाताला येईल ते काडतूस घालत आले होते. दोन्हींत फरक असतो हे त्यांना माहीत होतं, पण काय फरक असतो हे कुणी विचारलं नव्हतं, त्यामुळं माहीत करून घ्यायची वेळ आली नव्हती.

दोघं कोरड्या ओढ्यात गेले. गुरुजींनी एक जुनी बाज उभी करून तिला खळीनं वर्तमानपत्रं चिकटवली. मधोमध मडकं उपडं धरून कोळशानं गोल काढला. "आता वीस पावलांवरून मारा. सहा नंबर."

आबासाहेबांनी बार काढला. गोलातला कागद उरलाच नाही. ताटाएवढं भगदाड पडलं. नवीन कागद लावला, चाळीस पावलांवर गेले. आता छर्रे बाजेभर विखुरले होते आणि गोलात नऊ भोकं होती. साठ पावलांवर गोलात दोन. गुरुजी प्रत्येक कागदावर पावलं लिहीत होते.

"आता एकशे आठ."

आबासाहेबांनी श्वास रोखून, डोळा मिटून, कुलदैवताचं नाव घेऊन बार काढला. सगळ्या बाजेवर सतरा भोकं सापडली. काही ठिकाणी कागदाला नुसता पोचा आला होता. कोळशाचा गोल मात्र कोरा होता.

"ताईत न बांधताच कागद वाचला की हो," गुरुजी म्हणाले.

आबासाहेबांनी त्या कोऱ्या गोलावरून बोट फिरवलं. मग एलजी झाली. वीस पावलांवर सहापैकी तीन छर्रे गोलात. एकशे आठवर गोलात एकही नाही, पण एका छऱ्यानं बाजेचा पाय उभा चिरला. "म्हणजे लांब उभं राहिलं की जीव वाचतो असंही नाही," गुरुजी म्हणाले. "फक्त कुठं लागेल याचा भरवसा नाही. बाबांचा सगळा धंदा त्या भरवशावर चाललाय."

"पर आत गेल्यावर बंदूक फुटती म्हनत्यात."

"मडक्यावरचा ताईत तुम्हीच घरी नेला होता ना? तोच बांधू बाजेला. वीस पावलांवरून मारा."

आबासाहेबांनी घोड्याला सुतळी बांधून बांधाआडून ओढायची युक्ती सुचवली. गुरुजींनी निमूटपणे हात पुढं केला. "द्या, मी मारतो." मग मात्र आबासाहेबांना लाज वाटली आणि त्यांनी स्वतःच घोडा ओढला. बंदूक फुटली नाही. ताईत फुटला, आणि त्यातून यष्टीच्या तिकिटाचा बोळा निघाला.

एवढं झाल्यावर गहिनीनाथला समजावणं सोपं जाईल असं दोघांना वाटलं. कागद पाहून तो म्हणाला, "कागदाचं ऱ्हाऊ द्या, गुर्जी. मडकं वाचलं का न्हाई? दादाचा नेम कवा चुकत न्हाई, दादानंच सांगितलं चार लोकांत. मंग वाचवलं कुनी?"

गुरुजी आबासाहेबांकडं बघायला लागले. आबासाहेब खांबाकडं बघायला लागले.

"त्या दिशी वारा हुता," ते पुटपुटले.

"वारा बी बाबांनीच आनला आसंल," गहिनीनाथ म्हणाला आणि राखणीला निघून गेला.

गुरुवार उजाडला. गर्दी मागच्यापेक्षा दुप्पट होती. गहिनीनाथ उघड्या छातीनं चिंचेखाली, मागल्या गुरुवारी वाचलेल्या मडक्याच्या अगदी शेजारी उभा राहिला, गळ्यात ताईत. बाबा खालच्या आवाजात त्याला मागं, आणखी मागं जायला सांगत होते आणि लोक "वीस! वीस!" म्हणून ओरडत होते. बाबांनी शेवटी आबासाहेबांकडं पाहिलं. त्या नजरेत आबासाहेबांना स्वतःचंच तोंड दिसलं. पोरगं मरणार हे दोघांना ठाऊक होतं आणि दोघांनाही अब्रूपायी ते बोलवत नव्हतं.

"श्रद्धा पुरी आसंल तर कायबी हुनार न्हाई," बाबा कसनुसे म्हणाले.

"मी मारनार न्हाई," आबासाहेब म्हणाले.

"भावाची माया आड आली!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. "आमच्याकडं द्या बंदूक!" आणि खरोखरच दोन हात बंदुकीला लागले.

आबासाहेबांनी बंदूक पोटाशी धरली आणि पाटलाच्या रुबाबात कमावलेलं सगळं एका दमात उधळून टाकलं. "आरं, माजा नेम चुकला हुता! मागल्या गुरुवारी मी चुकलो! मला हात जाईल म्हून भ्या वाटलं, म्हून मी लांब गेल्तो! इतक्या लांबनं मला कवाच काय मारता आलं न्हाई! धा वर्सांत एक ससा मारलाय, आन् त्यो बी बसलेला हुता!"

आधी कुणालाच समजेना. मग एक बाई फिसकन हसली आणि सगळी गर्दी हसायला लागली. आबासाहेबांचे कान लाल झाले, पण पाय पुढं पडत राहिले. त्यांनी भावाच्या गळ्यातला ताईत हिसकून मडक्याला बांधला, भावाला दंडाला धरून लांब नेऊन उभं केलं, वीस पावलं मोजली आणि घोडा ओढला.

मडकं राहिलं नाही. दोरा तेवढा फांदीला लोंबत राहिला.

"ताईत मानसाच्या अंगावर चालतो, मडक्यावर न्हाई!" बाबा ओरडले.

"मागल्या गुरुवारी मडक्यावर चालला होता," गुरुजी म्हणाले. "बरं, मग तुम्ही घाला. काडतूस शिल्लक आहे." बाबांना आज उपवास असल्याचं आठवलं. लोकांनी वाट अडवली, तेव्हा त्यांनी झोळी तिथंच टाकली आणि केडगावचा रस्ता धरला.

मग गुरुजींनी भोकांचे कागद दोरीवर टांगले आणि लहान मुलांना शिकवावं तसं सगळ्यांना दाखवलं. बार नळीतून अंगठ्याएवढा निघतो आणि जितका लांब जातो तितका पांगतो. जवळच्या मडक्यावर सगळा बसतो, लांबच्या मडक्याच्या आजूबाजूनं निघून जातो. बाबांनी ताईत बदलला नव्हता, फक्त अंतर बदललं होतं. आणि एकशे आठ म्हटल्यावर हात जोडायची सवय असल्यामुळं ते अंतर कुणी विचारलं नाही.

"पुढं कुणी चमत्कार दाखवला," गुरुजी म्हणाले, "तर पाया पडायच्या आधी मोजा. तेच मडकं, तेच अंतर, ताईत एकदा बांधून आणि एकदा काढून. एवढं केलंत तरी पुरे."

झुंबरबाईनं झोळीतले ताईत उचलून विहिरीकडं नेले. तिला कुणी अडवलं नाही.

गर्दी पांगली. गहिनीनाथ मघा उभा होता त्या जागेवर परत जाऊन उभा राहिला. मघाच्या बारानं मागच्या खोडाची साल छातीच्या उंचीवर सोलून निघाली होती. त्यानं त्यावर तळहात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

"दादा," तो म्हणाला, "चुकलो, हा येवढा योक शब्द तू त्याच दिशी म्हनला आसतास तर?"

आबासाहेबांनी बंदूक मोडून रिकामं काडतूस बाहेर काढलं.

"लाज वाटली रं," ते म्हणाले. "चार लोक हुते."