कठड्यावरचा झेंडू

गुलाबी बोंडअळीनं तालुक्यातलं कपाशीचं एकही शेत सोडलं नाही, त्या सालानंतर मारोतरावांनी राळेगावकडचं वावर कसायला बटईनं दिलं आणि नवराबायको दारव्ह्याला लेकाकडे राहायला आले. घर पहिल्या मजल्यावर. पुढे हातभर गॅलरी, तिला लोखंडी कठडा. कठड्याला अडकवायच्या चार लांबट कुंड्या लेकानं आईला आणून दिल्या. म्हणाला, तुझा वेळ जाईल.

विमलताईंना हे उमगलंच नाही. बाजारात न्यायचं नाही, ताटात वाढायचं नाही, असलं पीक घ्यायचं कशाला? पण माती समोर आल्यावर हात स्वस्थ बसेनात. त्यांनी झेंडू लावला. रोपं धरली, कळ्या आल्या, आणि सकाळी उठल्याबरोबर आपले पाय आधी गॅलरीकडे का वळतात, हेही त्यांना कळेना.

मारोतरावांना कुंड्या डोळ्यांपुढे नको असत. "कायले हे लचांड," म्हणून ते तोंड फिरवत. गावाहून आल्यापासून वावराचं नाव त्यांनी काढलं नव्हतं. बटईदाराचा फोन आला तर तो तसाच लेकाच्या हातात देत.

मग कळ्यांचं सुरू झालं. नखानं मधोमध उभी फाडलेली कळी कुंडीतच पडलेली असायची. रोज दोन-चार. चिमणी इतकं नीट फाडत नाही, आणि उंदीर खाल्ल्याशिवाय टाकत नाही. विमलताईंनी नवऱ्याला विचारलं.

"पाखरं असतीन," पेपरातून मान वर न काढता ते म्हणाले.

समोर, अरुंद गल्लीपलीकडे गौहर राहायची. खिडकीत शिलाई मशीन टाकून दिवसभर कपडे शिवायची. एका दुपारी बाजाराची पिशवी घेऊन निघालेल्या विमलताई तिचाच जिना चढल्या.

"माह्या कळ्या कोन फाडून राह्यलं, तुमाले दिसलं असंन," त्या म्हणाल्या.

गौहरनं मशीन थांबवली. "तुमाले मालूम नाही, ताई? मले वाटलं तुमीच सांगतलं असंन त्यायले."

"कोनाले?"

गौहरनं पडदा थोडा सरकवला. "बसा. तुमी बाजारात गेल्या का येतेत ते."

विमलताई बसल्या. थोड्या वेळानं त्यांच्याच गॅलरीत मारोतराव आले, अनवाणी. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी एक कळी चिमटीत धरली, फाडली, डोळ्यांजवळ नेली, हलकेच फुंकली आणि टाकून दिली. मग दोन रोपं सोडून तिसऱ्यावरची. कपाशीत बोंडं फोडून अळी बघत ते असेच तिरके चालायचे, इथली एक, तिथली एक.

कळ्या फाडणाऱ्याशी भांडायचं ठरवून आलेल्या विमलताईंना आता काय वाटून घ्यावं तेच कळेना.

"आवाज देऊ काय?" गौहरनं विचारलं.

"नोको."

घरी पोचल्या तेव्हा मारोतराव खुर्चीत पेपर धरून बसले होते. जिन्यावर जुळवलेलं सगळं त्या विसरल्या आणि तोंडातून भलतंच निघालं.

"सापडली काय?"

पेपर खाली आला. "नाही. एक बी नाही."

"झेंडूत ते अळी कायले येईन?"

"मले मालूम हाय."

"मंग?"

"पाह्यलं म्हंजे बरं वाटते." त्यांनी पेपराची घडी केली. "नाही, बरं बी नाही वाटत. नाही दिसली का अजून एक फाडाव वाटते. काहून, ते मलेच नाही समजत."

विमलताई पिशवी खाली न ठेवता तशाच उभ्या राहिल्या. समजूत घालावी तर नेमकी कशाची, आणि रागवावं तर कशावर?

"शेवटची कुंडी तुमची," त्या अखेर म्हणाल्या. "तिच्यातल्या फाडा. बाकीच्यायले हात लावू नका."

"पानी कोन टाकन तिले?"

"तुमीच."

मारोतरावांनी यावर पुष्कळ विचार केलेला दिसला. दुसऱ्या दिवशी सकाळी विमलताई चहा ठेवत होत्या, तर गॅलरीतून हाक आली. मारोतराव पाण्याचा तांब्या घेऊन कठड्यापाशी उभे होते.

"शेवटची म्हंजे कोन्या बाजूनं?"

विमलताईंनी इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. ते त्यांनीही ठरवलं नव्हतं.