आठवा सिद्ध

हाँगकाँगहून कँटनच्या गाडीत बसला तेव्हा किनफायचे दोन्ही हात ओझ्याने भरले होते. डुकराच्या चरबीचे डबे, बिस्किटं, लोकरी कपडे. सगळं थोरल्या बहिणीसाठी, सुकवानसाठी. सरहद्द ओलांडायची मुभा मिळायला तीस वर्षं गेली होती. पण खरं सांगायचं तर वाटभर त्याच्या मनात बहीण नव्हतीच. होता तो वीतभर उंचीचा, फुलांची टोपली धरलेला हस्तिदंती सिद्ध, लाम.

त्याच्या वडिलांना जुन्या हस्तिदंती मूर्तींचं वेड. मिंग बादशहांच्या काळात फूजियानच्या कारागिरांनी कोरलेले ताओ पंथातले आठ अमर सिद्ध त्यांनी पेकिंगच्या एका बुडालेल्या सरदार घराण्याकडून मिळवले होते. हाताळून हाताळून त्यांना मधासारखा रंग चढला होता. एकोणपन्नास साली कम्युनिस्टांची सत्ता आली आणि मुलगा हाँगकाँगला निघाला, तेव्हा त्यांनी सात मूर्ती त्याला दिल्या आणि आठवी, लामची, लेकीच्या हाती ठेवली. "संच अपुरा असला की तू विकणार नाहीस," ते म्हणाले, "आणि बहिणीला विसरणारही नाहीस."

वडील वारले. किनफायने दुकान थाटलं, संग्राहक म्हणून नाव कमावलं. परदेशी लोक त्याचे सात सिद्ध बघायला येत आणि हटकून विचारत, आठवा कुठे? त्या प्रश्नाने त्याला आतून पोखरलं होतं.

गल्लीतल्या त्यांच्या जुन्या घरात आता पाच बिऱ्हाडं होती. सुकवानच्या वाट्याला मागची खोली आलेली.

"फाय? केवढा सुटलास रे! तिकडे नुसतं खायचंच काम असतं वाटतं?" ती हसली, मग डोळे पुसले. तिने त्याच्यापुढे पेज आणि खारवलेला मुळा ठेवला.

दोन घास पोटात गेले न गेले तोच तो म्हणाला, "ताई, लाम कुठाय?"

"आधी खाऊन घे."

"दाखव ना एकदा. बाकीचे मी कसे जपलेत, बघशील तर..."

"अमान कुठाय, ते नाही विचारलंस."

निघताना ज्या तान्ह्या भाच्याला त्याने कडेवर घेतलं होतं, तो अमान. किनफायचा चमचा हातातच राहिला.

"साठ सालच्या उपासमारीत ताप चढला त्याला," सुकवान म्हणाली. "झटके यायचे. दवाखान्यात औषध नाही. म्हातारा वैद्य म्हणाला, हस्तिदंताचा भुगा उकळून पाज. कानस आणली शेजारून. आधी टोपली घासली, मग हात. लामच्या तोंडापर्यंत आले तेव्हा बाबा आठवले. पण तेही घासलं."

"सगळा?"

शब्द निसटला आणि त्याचं त्यालाच ऐकवेना.

"सगळा," ती म्हणाली. "पोरगं गेलंच."

"मला कळवायचंस, ताई. मी औषध धाडलं असतं."

"खलाशाकरवी निरोप धाडला होता. तुझं उत्तर आलं, मूर्ती सांभाळ."

त्याला आठवलं. खलाशी दुकानात आला तेव्हा समोर बडं गिऱ्हाईक बसलं होतं. बहीण वाढवून सांगत असेल, असं त्याने मनाला समजावलं होतं.

"माझ्याबरोबर चल," तो कसाबसा म्हणाला.

"पोराला इथे टेकडीवर पुरलंय. मी कुठे येऊ? जा तू, गाडी चुकेल." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं.

परतल्यावर त्याने साती मूर्ती लिलावात काढल्या. त्या एकेक करून निरनिराळ्या देशांत गेल्या. त्याला हलकं वाटलं नाही. झोप उडाली ती उडालीच.

पुढच्या वसंतात पूर्वजांच्या कबरी झाडायच्या दिवसांत तो पुन्हा त्या गल्लीत गेला. मागच्या खोलीत दुसरं कुटुंब राहत होतं. "म्हातारी थंडीत गेली," शेजारीण म्हणाली. "तुम्ही कोण?"

"भाऊ."

"भाऊ? कधी बोलली नाही."

त्याने अमानच्या कबरीची चौकशी केली. टेकडी सपाट करून तिथे कारखाना उभा राहिला होता. उदबत्त्यांचा पुडा हातात धरून तो फाटकाबाहेर उभा राहिला, आणि पहारेकऱ्याने हटकलं तेव्हा स्टेशनच्या वाटेला लागला.