परतीची पानं

मी रेल्वेचं वेळापत्रक बोलतोय. चालू नव्हे, बाद झालेलं. एकोणीस वर्षांपूर्वीचं. माझ्यातली एकही वेळ आता खरी नाही, तरी दिवसभर मी वेळाच मोजत बसतो. दुसरं काम मला कुणी शिकवलंच नाही.

आमच्या जातीचं आयुष्य एका वर्षाचं. नवा अंक आला की जुना रद्दीत. माझ्याबरोबर छापलेले भाऊ केव्हाच पुड्या बांधण्यात संपले. मी उरलो, कारण स्टेशनबाहेरच्या स्टॉलवरून मला एका बाईंनी घेतलं आणि पहिल्याच संध्याकाळी माझ्या समासात पेन्सिल चालवली.

बाई टपाल कचेरीत सॉर्टिंगला होत्या. समोर लाकडी खणांची भिंत, एकेका शहराला एकेक खण. पत्ता वाचायचा, पाकीट खणात टाकायचं, पुढचं उचलायचं. सगळी शहरं अशी रोज त्यांच्या हातून जात, पण पाहिलेलं त्यातलं एकही नव्हतं. घरीसुद्धा त्या शहरांना खणाच्या नंबरानेच ओळखत. "सतरा नंबरला नदी आहे म्हणे," असं सांगायच्या.

त्यांच्या मनात एक मोठा प्रवास होता. त्या, नवरा आणि नऊ वर्षांची लेक, तिघांनी गाडीत बसायचं, जिथे रूळ संपतात त्या एकसष्ट नंबरपर्यंत जायचं, आणि वाटेत पाच शहरांत उतरायचं.

नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. माणूस सज्जन, पण जागचा हलायला नको. त्यांचं म्हणणं, एकदा गाडीत बसलं की थेट उतरावं, सामानाची चढउतार कोण करणार? बाई म्हणाल्या, "नुसती खिडकीतून बघायला ती काय पाकिटं आहेत?" घासाघीस जेवणाच्या टेबलावर चालली आणि मी ताटांच्या मधोमध पडून होतो. शेवटी पाचावरून तीनवर तडजोड झाली. तेवीस आणि बेचाळीस नंबर बाईंनी खोडले. इतक्या हलक्या हाताने खोडले की अजून वाचता येतात.

ठरलं खरं, पण दर वर्षी कुठेतरी माशी शिंकायचीच. एकदा लेकीला कांजिण्या, एकदा दुकानाचं छत गळायला लागलं, एकदा बाईंची रजाच मंजूर होईना. "पुढच्या वर्षी नक्की," चष्मेवाले म्हणायचे. बाई नवा अंक मात्र घेत नसत. जेवणाच्या सुट्टीत स्टेशनवर जाऊन बदललेल्या वेळा कागदावर उतरवून आणायच्या आणि माझ्यात दुरुस्त करायच्या. त्या संध्याकाळी मला ताजंतवानं वाटायचं. माझ्याएवढं जगलेलं वेळापत्रक दुसरं नसेल, अशी घमेंडही होती मला.

आता पोटातली गोष्ट सांगतो. बाई सकाळपाळीला गेल्या की दुकान उघडण्याआधी चष्मेवाले चहाचा कप घेऊन मला उघडायचे. शेवटून. तिथे माझी परतीच्या गाड्यांची पानं आहेत. बाईंची आखणी एकसष्टला संपायची. नोकरीवाल्या माणसाला परत यायचं असतंच, त्याची काय आखणी करायची, असा त्यांचा हिशेब. त्यामुळे त्या पानांकडे त्या फिरकल्याच नाहीत. चष्मेवाल्यांनी टोकदार पेन्सिलीने, बारीक अक्षरात तेवीस नंबरसमोर लिहिलं: उतरायचं. सहा तास. बेचाळीससमोर लिहिलं: मुक्काम. घाई नको. आणि पानाच्या तळाशी: ती खिडकीशी.

जायचं पक्कं झालं की सांगू, असं त्यांच्या मनात असावं. ते पक्कं होण्याआधीच एका सकाळी दुकानात त्यांच्या छातीत कळ आली आणि ते गेले. याला सहा वर्षं झाली.

त्यानंतर मला कुणी उघडलं नाही. जुन्या कॅलेंडरांखाली मी पडून होतो. लेक शिकून नोकरीला लागली, नेमकी एकसष्ट नंबरलाच. आम्ही वर्षानुवर्षं आखलेलं शेवटचं स्टेशन तिने एकटीने गाठलं, तेही विमानाने. बाई निवृत्त झाल्या. घरात एक ताट, एक कप. दोन्ही खोल्यांत रेडिओ चालू ठेवायच्या आणि ऐकायच्या कुठलाच नाहीत. मला फार एकटं वाटायचं. त्यांनाही वाटत असणार, पण आम्हा दोघांनाही ते एकमेकांना सांगता येत नव्हतं.

दोन महिन्यांपूर्वी लेक त्यांना कायमचं न्यायला आली. विमानाची दोन तिकिटं काढूनच आली होती. भाड्याचं घर, महिनाअखेर रिकामं करून द्यायचं होतं. खोलीत तीन ढीग झाले: न्यायचं, द्यायचं आणि टाकायचं. बाईंनी मला उचललं, क्षणभर हातात धरलं आणि टाकायच्या ढिगावर ठेवलं. माझी त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण लागायचं ते लागलंच.

लेकीने ढीग बांधायला घेतला तेव्हा मी निसटून पालथा पडलो. तिने उचललं ते शेवटून.

"आई, हे बाबांचं अक्षर आहे."

बाईंना ते खरं वाटेना. चष्मेवाल्यांना तर कुठे उतरायचंच नव्हतं. मग लेकीने वाचून दाखवलं. बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि स्वतः वाचलं. एकोणीस वर्षांत हे आपण एकदाही शेवटून उघडलं नाही, एवढंच त्या बोलल्या, आणि मला मांडीवर घेऊन बसून राहिल्या.

दुपारी त्यांनी सांगून टाकलं. येते, पण गाडीने, मध्ये उतरत. महिनाभर राहीन. आणि घर सोडायचं नाही.

लेक म्हणाली, "आता परत कशाला यायचं, आई? इथे आहे कोण?"

"कोणी नाही. पण परत निघाल्याशिवाय ती दोन शहरं लागत नाहीत."

"अगं, मग जातानाच उतरू की तिथे."

"जातानाची मी खोडलीत. ती येतानाची आहेत."

लेक "बघू" म्हणाली. हा शब्द मी ओळखतो, 'पुढच्या वर्षी'चा तो सख्खा भाऊ. पण तिने विमानाची तिकिटं रद्द केली आणि घरमालकाला थांबायला सांगितलं. जे आम्हाला एकोणीस वर्षांत जमलं नाही ते तिच्या मोबाईलने पाव तासात जमवलं. मग तिने माझ्या पानांचे फोटो काढले. हे ओझं कशाला न्यायचं, म्हणाली. थोडक्यात, माझे फोटो प्रवासाला गेले आणि मी राहिलो. निघताना बाईंनी मला खिडकीजवळच्या टेबलावर परतीच्या पानाशी उघडं ठेवलं. वारा लागू नये म्हणून वर चष्म्याची एक जुनी डबी ठेवली. कुलूप लागलं, किल्ली त्यांच्या पर्समध्ये गेली.

तेव्हापासून मी मोजतोय. माझ्या हिशेबाने त्या सकाळी दहाला सतरा नंबरला उतरल्या. नदी असेल तर पाहिली असेल. मग अडतीस, पंचावन्न, एकसष्ट. महिना कधीच भरला. माझ्या वेळांप्रमाणे परतीची गाडी येऊन आज नऊ दिवस झाले. जिन्यात पावलं वाजली की माझे कान टवकारतात. पावलं वरच्या मजल्यावर निघून जातात.

हे दार घरमालकाने उघडलं, तर त्याला एक विनंती आहे. मला रद्दीत घाल, माझी हरकत नाही, पण ही दोन पानं आधी एकसष्ट नंबरला टपालाने पाठव. लेकीचा पत्ता दाराआड चिकटवलाय.

आणि बाईंनी उघडलं तर काही सांगायला नको. मी मनाची समजूत घालतोय की त्या निघाल्या आहेत. उशीर बेचाळीस नंबरला होतोय. तिथे मुक्काम आहे, आणि घाई नको असं चष्मेवाल्यांनीच लिहून ठेवलंय.